ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून?

आमच्या खानापूर भागातल्या एका पोरीचं बाळ बेळगावच्या दवाखान्यात जन्मलं आणि थोड्या वेळात गेलंच, बाळाला श्वासनलिकाच नव्हती. आणि घरात काय चाललंय, तर हिनं ग्रहणात विळी हातात घेतली होती म्हणे! ऐकून पोटात तुटलं हो. लेबर रूममध्ये नर्स म्हणून काम केलंय, म्हणून लिहितेय.

बाळाची श्वासनलिका पोटात चौथ्या आठवड्याच्या आसपास अन्ननलिकेच्याच नळीतून फुटून निघते, तेव्हा कितीतरी बायकांना दिवस गेलेत हेसुद्धा कळलेलं नसतं. तिथंच काहीतरी बिनसतं. नेमकं का, ते डॉक्टरांनासुद्धा अजून सापडलेलं नाही, पण विळीनं नाही, पपईनं नाही आणि सुनेच्या पायगुणानं तर नाहीच नाही. साधारण 50 हजार ते 1 लाख जन्मांत एखादं असं बाळ, मुलींपेक्षा मुलगे जास्त.

असलं बाळ रडायला तोंड उघडतं, छाती ओढतं, सगळी धडपड करतं आणि आवाज येत नाही. निळं पडत जातं. डॉक्टर श्वासासाठी घशातून नळी घालायला बघतात तर ती स्वरयंत्राच्या खाली सरकतच नाही. एरवी नळी अन्ननलिकेत गेली की घात, पण इथं कधीकधी तिथूनच ऑक्सिजन थोडा वाढतो, कारण बऱ्याच बाळांत फुप्फुसं अन्ननलिकेला जोडलेली असतात. श्वासनलिका नसण्याचे तीन प्रकार फ्लॉइड नावाच्या डॉक्टरांनी 1962 मध्ये मांडले, आजही डॉक्टर तेच धरतात. जगलेली मुलं जगात फार थोडी, त्यातली काही जपानमधली, तीही कितीतरी ऑपरेशनं होऊन.

'स्कॅनिंगमध्ये कसं दिसलं नाही' असंही लोक विचारतात. अन्ननलिकेला वाट असली की फुप्फुसातलं पाणी तिकडून निघून जातं, फुप्फुसं फुगत नाहीत, त्यामुळं स्कॅनिंगला बरंच नॉर्मल दिसतं, फार तर गर्भातलं पाणी जास्त भरतं आणि ते तर इतर कितीतरी कारणांनी होतं.

काकू, सुनेला आधी जेवू घाला, झोपू द्या. हे बहुतेक वेळा पुढच्या बाळात येत नाही, तरी दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा, बाळाला हृदयाचं, किडनीचं अजून काही होतं का ते त्यात लिहिलेलं असतं, आणि पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीला ते डॉक्टरांपुढं ठेवा.