चेनचे तेलपाणी: तेल नेमके कुठे पोहोचायला हवे

मोटरसायकलच्या चेनला तेल देताना बहुतेक जण ते रोलरच्या मधोमध आणि बाहेरच्या पट्ट्यांवर सोडतात, कारण डोळ्यांसमोर तेच भाग असतात. चेन काळीशार आणि ओली दिसू लागली की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात झीज जिथे होते ती जागा बाहेरून दिसतच नाही आणि चेनला नियमित तेल देऊनही ती लवकर खराब झाल्याची तक्रार जेव्हा कोणी करतो, तेव्हा पुष्कळदा तेल या न दिसणाऱ्या जागेपर्यंत गेलेलेच नसते. तेल किती दिले यापेक्षा ते कुठे पोहोचले, याला मी जास्त महत्त्व देतो. म्हणून सुरुवात चेनच्या रचनेपासून करणे भाग आहे.

आपण आज वापरतो त्या बुश-रोलर चेनचे पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये घेतले आणि तिची मूळ रचना अजूनही तशीच आहे. बाहेरच्या दोन पट्ट्या पिनांनी एकमेकींशी पक्क्या जोडलेल्या असतात, आतल्या दोन पट्ट्या पोकळ बुशांनी, म्हणजे छोट्या नळ्यांनी, जोडलेल्या असतात, पिन बुशाच्या आतून जाते आणि बुशावर रोलर मोकळा फिरतो. म्हणजे घर्षणाच्या जागा मुख्यतः दोन आहेत: एक पिन आणि बुश यांच्यामध्ये, दुसरी बुश आणि रोलर यांच्यामध्ये. रोलर आणि स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चाकाचा, दाता एकमेकांना टेकतात ती तिसरी जागा खरी, पण तिथे रोलर वळत असल्याने घासणे तुलनेने कमी असते. सर्वात जास्त सोसते ती पिन, कारण इंजिनाची सगळी ओढ तिच्यावर येते आणि चेन स्प्रॉकेटवर चढताना व उतरताना दर वेळी ती बुशात थोडीशी वळते.

हे वळणे किती वेळा होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दाते, टायरचा घेर सुमारे २ मीटर आणि चेन १२० कड्यांची धरली, तर एका किलोमीटरमध्ये चाकाचे ५०० फेरे होतात, स्प्रॉकेटवरून २१,००० कड्या जातात, म्हणजे चेन १७५ वेळा पूर्ण फिरते. प्रत्येक फेरीत एक सांधा चार वेळा वाकतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना आणि तसेच मागच्या स्प्रॉकेटवर. याचा अर्थ दर किलोमीटरला प्रत्येक सांधा ७०० वेळा वाकतो आणि ५०० किलोमीटरमध्ये साडेतीन लाख वेळा. तेवढी सगळी हालचाल पोलादावर पोलाद, मध्ये वंगण नसताना झाली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

जुनी चेन लांबते ती पट्ट्या ताणल्या गेल्यामुळे, असा एक सर्वसाधारण समज आहे. पट्ट्या जवळजवळ जशाच्या तशाच राहतात. पिन आणि बुश झिजून प्रत्येक सांध्यात किंचित सैलपणा येतो आणि त्याची बेरीज होत जाते. एका सांध्यात ०.०५ मिलिमीटर झीज झाली, तर १२० कड्यांची चेन ६ मिलिमीटरने लांबते. ही लांबी घरच्या घरी मोजता येते. ४२८ क्रमांकाच्या चेनमध्ये पहिला ४ म्हणजे चार अष्टमांश इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर, हे दोन पिनांमधले अंतर असते. ५२०, ५२५ आणि ५३० या चेनमध्ये ते १५.८७५ मिलिमीटर असते. खालच्या बाजूची चेन ताणून धरून एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजले, तर नवीन ४२८ चेनचे माप २५४ मिलिमीटर येते. हेच माप चेनच्या तीन-चार ठिकाणी घ्यावे, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. किती वाढ चालते ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. साधारणपणे १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान मर्यादा असते. त्यापलीकडे गेलेल्या चेनला कितीही तेल पाजले तरी ती पूर्ववत होत नाही, कारण लांबलेल्या कड्या दात्याच्या बुडाशी न बसता वरच्या बाजूला चढून बसतात आणि दाते आकड्यासारखे वाकडे झिजवतात.

आता तेलाची जागा. चेन डोळ्यांजवळ धरून वरून पाहिली तर प्रत्येक बाजूला दोन बारीक फटी दिसतात. एक फट बाहेरच्या आणि आतल्या पट्टीच्या मध्ये असते. हीच पिनेकडे जाणारी वाट. दुसरी आतली पट्टी आणि रोलर यांच्या मध्ये असते. ती बुशाकडे जाते. साध्या चेनमध्ये दोन्ही वाटा उघड्या असतात आणि तेलाचा थेंब या फटीच्या तोंडाशी ठेवला की तो हळूहळू आत ओढला जाताना दिसतो. रोलरच्या मधोमध पडलेला थेंब मात्र स्प्रॉकेटच्या दात्यावर जातो, तिथून वेगाने बाहेर फेकला जातो आणि चाकाची रिम व मडगार्ड रंगवतो. ज्या सांध्यात तेल पोहोचलेले नसते, त्याच्या पहिल्या फटीत तांबूस-तपकिरी भुकटी जमलेली आढळते. ही आतल्या पिनेच्या गंजाची आणि झिजेची भुकटी असते आणि ती दिसली की बाहेरून चेन कितीही ओली असली तरी आतून कोरडी आहे, असे खुशाल समजावे.

ओ-रिंग चेनची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यात बाहेरच्या आणि आतल्या पट्टीच्या मध्ये रबराचे बारीक कडे बसवलेले असते आणि कारखान्यातच भरलेले ग्रीस पिनेभोवती कोंडून ठेवलेले असते. त्यामुळे पिनेपर्यंत बाहेरून तेल पोहोचवायची गरज नसते, आणि ते पोहोचणारही नाही. यावरून अशा चेनला तेल लागतच नाही असा निष्कर्ष काही जण काढतात, पण तो चुकीचा आहे. रोलर आणि बुश यांच्यामधली जागा उघडीच असते, पट्ट्यांना गंज लागू शकतो, आणि ओ-रिंग कोरडी पडली की ती पट्टीवर घासून झिजते, चिरते आणि आतले ग्रीस बाहेर पडायला वाट मिळते. एक्स-रिंग चेनमध्ये कड्याचा छेद फुलीसारखा असल्याने घर्षण कमी होते, परंतु देखभाल तीच. बीएमडब्ल्यूने २०२० मध्ये रोलरवर अतिकठीण कार्बनचा थर असलेली चेन आणली, जिला बाहेरून तेल द्यावे लागत नाही. पिनेभोवतीचे ग्रीस तिच्यातही रिंगांनीच राखलेले आहे. सर्वसाधारण गाडीला मात्र तेलपाणी चुकत नाही.

तेल कोणते, यावर पुष्कळ वाद घातला जातो आणि मला तो गरजेपेक्षा मोठा वाटतो. एसएई ८०डब्ल्यू-९० दर्जाचे गिअर ऑइल दोन्ही प्रकारच्या चेनला चालते आणि अनेक उत्पादक स्वतःच ते सुचवतात. ते आत चांगले शिरते, पण उडते जास्त आणि लवकर संपते. चेनसाठी मिळणारे स्प्रे पातळ द्रावकात मिसळलेले असतात. द्रावक आत शिरून वाफ होऊन निघून जातो आणि मागे चिकट थर उरतो, त्यामुळे ते कमी उडतात, मात्र त्यांना स्थिरावण्यासाठी वेळ द्यावा लागतो. मेणयुक्त स्प्रेवर धूळ कमी चिकटते, म्हणून कोरड्या, धुळीच्या रस्त्यांवर मी त्यालाच पसंती देतो. ओ-रिंग चेन असेल तर डब्यावर तसा स्पष्ट उल्लेख पाहूनच स्प्रे घ्यावा.

इंजिनातून काढलेले जुने ऑइल चेनला वापरण्याची पद्धत सर्रास आढळते आणि तिला माझा ठाम विरोध आहे. त्या तेलात धातूचे सूक्ष्म कण, काजळी आणि आम्ले साचलेली असतात. ज्या जागेची झीज टाळायची, तिथेच आपण ती झिजवणारी वस्तू नेऊन ठेवतो. बोटाने थापलेले घट्ट ग्रीसही तितकेच निरुपयोगी. ते फटीत शिरत नाही, बाहेर राहून धूळ आणि वाळू गोळा करते आणि मग प्रत्येक दात्याशी घासकागदासारखे काम करते. गंज सोडवणारे पातळ स्प्रे स्वच्छतेला किंवा पाणी हटवायला ठीक आहेत, पण त्यांचा थर इतका पातळ असतो की चेनच्या दाबाखाली तो टिकत नाही.

मळलेल्या चेनवर तेल देणे म्हणजे मळ आत ढकलणे, म्हणून आधी स्वच्छता. रॉकेलात भिजवलेले फडके आणि मऊ नायलॉनचा ब्रश एवढे पुरेसे असते. पेट्रोल वापरू नये; ते रबर फुगवते आणि आगीचा धोका तर उघडच आहे. तारेचा ब्रश आणि जोराच्या दाबाचा पाण्याचा फवारा ओ-रिंगचे नुकसान करतात. रॉकेल फार वेळ चेनवर राहू न देता ती लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि वाळू द्यावी.

इथे एक गोष्ट मी अतिशय आग्रहाने सांगतो: चेन पुसताना किंवा तिला तेल देताना इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवू नये. काम झटपट होते म्हणून असे करणारे लोक आहेत, आणि फडके चेन व स्प्रॉकेटच्या मध्ये ओढले गेले की त्यामागे बोटेही जातात. हात मागे घ्यायला तेवढा अवधी मिळत नाही. इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवायचे. यात कोणतीही सवलत घेऊ नये.

तेल देण्याची उत्तम वेळ गाडी चालवून आल्यानंतरची. चेन कोमट असते, तेल पातळ होऊन फटीत सहज शिरते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ते मुरायला वेळ मिळतो. गाडी मेन स्टँडवर किंवा मागच्या स्टँडवर घ्यावी आणि खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगाला, म्हणजे वरच्या बाजूने, तेल सोडावे. चेन स्प्रॉकेटवरून वळताना तेल बाहेरच्या दिशेने फेकले जाते, त्यामुळे आत सोडलेले तेल बाहेर जाता जाता फटींतून शिरते. बाहेरून सोडलेले सरळ उडून जाते. आधी एका बाजूच्या फटींवर चेनचा पूर्ण फेरा, मग दुसऱ्या बाजूच्या फटींवर. सुरुवात कुठून केली हे लक्षात राहावे म्हणून जोडकडीपासून आरंभ करणे सोयीचे पडते. थोड्या वेळाने बाहेरच्या पट्ट्यांवरचे तेल फडक्याने चक्क पुसून टाकावे. गंज टाळण्यापुरता त्याचा पातळ हात राहिला की पुरे. टायरवर एकही थेंब जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि गेलाच तर गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने तो पुसावा.

किती दिवसांनी, याचे एकच उत्तर नाही. सर्वसाधारणपणे ५०० ते १,००० किलोमीटर हे अंतर सांगितले जाते. पावसात भिजलेल्या किंवा धुतलेल्या गाडीची चेन मात्र त्याच दिवशी कोरडी करून तिला तेल द्यावे, कारण साध्या चेनवर एका रात्रीत तांबूस गंज दिसू लागतो. पूर्ण बंद चेन कव्हर असलेल्या गाडीची चेन धुळीपासून सुरक्षित राहते, पण दिसत नसल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्षही तितकेच होते. अशा कव्हरला तपासणीसाठी रबरी बूच असते. ते काढून चाक फिरवत तेल देता येते.

याच वेळी ताणही तपासावा. खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वरखाली करून पाहावी. अनेक गाड्यांत २० ते ३५ मिलिमीटरची हालचाल अपेक्षित असते, नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. चाक फिरवत चेन जिथे सर्वात घट्ट लागते, तिथे हे माप घ्यायचे असते. घट्ट चेन ही सैल चेनपेक्षा जास्त घातक आहे: गाडीवर भार आला की स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारी भुजा, वर जाते, दोन्ही स्प्रॉकेटमधले अंतर वाढते आणि सैलपणाच नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. वंगणाचा थरही इतक्या दाबाखाली राहत नाही.

चेन बदलायची वेळ आली तर दोन्ही स्प्रॉकेट बरोबरच बदलावीत, कारण झिजलेले दाते नवी चेन फार लवकर आपल्या मापाची करून घेतात. नव्या चेनवरचे कारखान्यातले ग्रीस रॉकेलने धुऊन काढू नये; ते सांध्यांच्या आत गरम अवस्थेत पोहोचवलेले असते आणि बाहेरून तसे वंगण आपल्याला देता येत नाही. फक्त वरचा चिकटपणा कोरड्या फडक्याने पुसावा. क्लिपची जोडकडी असेल तर क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये नवे सांधे बसतात आणि चेन थोडी सैल होते, म्हणून त्या काळात ताण एकदा जास्तीचा तपासून घ्यावा.