पहिल्या घडणीचे ब्राउनिंग

जुन्या पिस्तुलांच्या संग्राहकांमध्ये लुगर, माऊझर आणि कोल्ट यांची चर्चा अधिक होते. माझा जीव मात्र बेल्जियममधील हर्स्टाल येथे एफएन (फाब्रिक नॅशनाल) कारखान्यात 1899 पासून तयार होऊ लागलेल्या ब्राउनिंग पिस्तुलावर आहे, आणि त्यातही पहिल्या एक-दोन वर्षांत घडलेल्या नगांवर. 1911 पर्यंत या पिस्तुलाचे सात लाखांहून अधिक नग तयार झाले, त्यामुळे ते दुर्मीळ म्हणता येत नाही. पण ज्या काळात त्याची रचना अजून पक्की व्हायची होती, त्या काळातले आणि कोणीही हात न लावलेले नग फारच थोडे उरले आहेत.

या पिस्तुलाच्या जन्माची कथा सायकलींशी जोडलेली आहे. एफएनची स्थापना 1889 मध्ये झाली ती बेल्जियमच्या सैन्यासाठी दीड लाख माऊझर रायफली बनवण्याकरिता. ते काम हातावेगळे झाल्यावर आणि माऊझरच्या जर्मन मालकांशी वाद झाल्यावर कारखान्याला नवे उत्पादन शोधणे भाग पडले, आणि सायकलींचे उत्पादन कसे चालते हे पाहण्यासाठी 1897 मध्ये हार्ट बर्ग या व्यवस्थापकाला अमेरिकेत पाठवण्यात आले. तेथे हार्टफर्डमध्ये त्याची गाठ अमेरिकन शस्त्र-शोधक जॉन ब्राउनिंगशी पडली. ब्राउनिंगजवळ एका छोट्या स्वयंभरित, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, पिस्तुलाचा नमुना तयार होता, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दोघांमध्ये करार झाला. ज्या 7.65 मिलिमीटर काडतुसाला आज जगभर पॉइंट थर्टी-टू म्हणून ओळखतात, ते याच पिस्तुलाबरोबर बाजारात आले.

यंत्ररचनेकडे पाहिले की ब्राउनिंगची बुद्धी कशी चालत होती ते कळते. स्लाइडला, म्हणजे गोळी सुटताना मागे सरकणाऱ्या वरच्या भागाला, मागून मूळ जागी आणणारी स्प्रिंग येथे नळीच्या खाली नसून वर, एका वेगळ्या पोकळीत बसवलेली आहे, आणि एका तरफेच्या साहाय्याने तीच स्प्रिंग काडतुसावर आघात करणाऱ्या फायरिंग पिनलाही जोर पुरवते. एकाच स्प्रिंगकडून दोन कामे करून घेतल्यामुळे भाग कमी झाले आणि नळी हाताच्या अगदी जवळ आली. ही तरफ आणखी एक काम करते: पिस्तूल सज्ज नसेल तेव्हा तिचे टोक वर येऊन नेम धरण्याची रेषा अडवते, म्हणजे डोळा लावताच पिस्तुलाची स्थिती समजते. पुढच्या काळात ब्राउनिंगने स्वतःच ही मांडणी सोडून दिली, स्प्रिंग नळीखाली नेली आणि नंतरच्या बहुतेक सगळ्या कारखान्यांनी तीच वाट धरली. न चाललेली वाट म्हणूनच मला ती अधिक मोलाची वाटते. शोधकाने काय निवडले याइतकेच त्याने काय सोडले हेही जपून ठेवण्याजोगे असते.

1899 चा नमुना आणि 1900 चा नमुना यांतला फरक ओळखायला वेळ लागत नाही, फक्त नजर तयार असावी लागते. पहिल्या नमुन्याच्या मुठीवरील पट्ट्या लहान आणि पातळ आहेत, आणि दोरी अडकवण्याची कडी नाही. बेल्जियमच्या सैन्याने 1900 मध्ये हे पिस्तूल अधिकाऱ्यांसाठी स्वीकारले तेव्हा मूठ भरीव झाली आणि डाव्या बाजूला खाली कडी आली. मुठीवरच्या कडक रबराच्या पट्ट्यांवर पिस्तुलाचेच छोटे चित्र कोरलेले असेल तर तो नग सुरुवातीच्या काळातला असण्याची शक्यता बळावते, पण पट्ट्या बदलता येतात, त्यामुळे केवळ त्यांवरून निर्णय करू नये. स्लाइड, सांगाडा आणि नळी यांवरचे क्रमांक जुळतात का, बेल्जियममधील लीज शहराच्या शस्त्र-तपासणी केंद्राचे शिक्के धारदार आहेत का, आणि पाठीमागचा ठोकळा स्लाइडला धरून ठेवणाऱ्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा शाबूत आहेत का, हे मी आधी पाहतो. घासूनपुसून नव्याने निळा मुलामा दिलेले पिस्तूल दिसायला सुंदर असले तरी मी ते घेत नाही. कडा गोलावलेल्या आणि अक्षरे पुसटलेली असतात, आणि कारखान्यातल्या कारागिराच्या हाताची साक्ष कायमची गेलेली असते. चीनमध्ये या पिस्तुलाच्या असंख्य नकला झाल्या. त्यांच्यावरील रोमन अक्षरे अनेकदा निरर्थक असतात आणि तीच त्यांची सर्वांत सोपी खूण आहे.

क्रमांकांना महत्त्व असण्याचे आणखी एक कारण आहे. 26 ऑक्टोबर 1909 रोजी चीनमधील हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर कोरियन क्रांतिकारक आन जुंग-गुन यांनी जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यावर ज्या एफएन 1900 मधून गोळ्या झाडल्या, त्याचा क्रमांक 262336 असा नोंदलेला आहे. याउलट 1914 मध्ये सारायेव्होत ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांच्या हत्येत वापरलेले पिस्तूल हेच होते असे अनेक ठिकाणी छापले गेले, परंतु ते एफएनचे 1910 चे मॉडेल होते. इतिहासाशी जोडून पिस्तूल विकू पाहणाऱ्या माणसाकडे म्हणूनच कागद मागावा, गोष्ट ऐकून किंमत ठरवू नये.

हार्बिननंतर दोन महिन्यांच्या आत, 21 डिसेंबर 1909 रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याही ब्राउनिंगमधूनच. लंडनहून विनायक दामोदर सावरकर यांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला धाडल्याचे पुढे खटल्यात आले. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ब्राउनिंग हे नाव मी शाळेच्या इतिहासातून याच प्रसंगामुळे प्रथम ऐकले, आणि एफएनचा पहिला नग हाती घेताना मला हार्टफर्डच्या आधी नाशिक आठवले. कोटाच्या खिशात मावणारे आणि गोळी सुटताच पुढची आपोआप भरणारे असे शस्त्र त्याआधी सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते, हेही त्या काळचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

भारतात असा संग्रह करणे जवळपास अशक्य आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. अमेरिकेत, जिथे मी राहतो, 1898 पर्यंत घडलेले शस्त्र कायद्याने पुरातन मानले जाते, म्हणजे हे पिस्तूल त्या सवलतीतून एका वर्षाने निसटते. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठीचा संग्राहकाचा परवाना घेऊन आणि प्रत्येक खरेदीची वहीत नोंद करून ते ठेवता येते. मी ही पिस्तुले चालवत नाही. सव्वाशे वर्षांच्या पोलादावर आणि त्या दोन स्क्रूंवर आजच्या काडतुसाचा ताण टाकण्यात मला अर्थ दिसत नाही. तेलाचा पातळ हात, कोरडी खोली, आणि चामड्याच्या म्यानात कधीही न ठेवणे, कारण चामडे ओल धरते आणि मुलामा खाते, एवढीच त्यांची निगा. सध्या माझा शोध आहे तो मूळ पातळ पट्ट्या शाबूत असलेल्या, कडी नसलेल्या एका 1899 चा, आणि तो मुलामा उडालेला असला तरी चालेल.