खडूने मोजलेली सावली

आर्किटेक्टला क्लायंट नसला की पहिले काही दिवस सुटल्यासारखं वाटतं, मग धास्ती वाटायला लागते. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या गव्हर्नर्स आयलंडवर मी त्या उन्हाळ्यात रेसिडेन्सीला, म्हणजे काही काळ तिथेच काम करायला, होतो, ती ‘स्वतंत्र प्रकल्पां’साठी. विषय आपला, प्रश्न आपला. काम कोणी सांगितलेलं नाही, तेव्हा ते झालं की नाही हेही कोणी सांगणार नाही.

बेटही मजेशीर आहे. क्षेत्रफळ १७२ एकर, पण त्यातले शंभराहून जास्त एकर मूळचे नाहीतच. गेल्या शतकाच्या सुरुवातीला भुयारी रेल्वे खणताना निघालेला राडारोडा टाकून बेट वाढवलं. आधी लष्कर, मग तटरक्षक दल, आणि २००३ साली मुख्य भाग एका डॉलरला लोकांसाठी परत. आता तिथे लोक सायकली भाड्याने घेऊन फिरतात आणि आमच्यासारखे शहराचे नकाशे काढत बसतात.

माझा विषय सरकारी वसाहतींची अंगणं. कारण सरळ आहे, मी मुंबईत नायगावच्या सरकारी बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही फक्त झोपायचो, बाकी आयुष्य खाली पटांगणात.

बेटाच्या पूर्वेला बटरमिल्क चॅनेलची चिंचोळी खाडी, आणि पलीकडे ब्रुकलिनमधलं रेड हूक. तिथली रेड हूक हाऊसेस ही सरकारी वसाहत १९३९ साली गोदी कामगारांना डोळ्यांपुढे ठेवून बांधली. पुढे एक्स्प्रेसवे मधून गेला आणि हा भाग शहरापासून तुटला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी तळघरांत शिरलं, बॉयलर आणि विजेची पॅनेलं बुडाली. हजारो माणसांनी ऐन थंडीच्या तोंडावर दोन-तीन आठवडे अंधारात काढले. नंतर केंद्राच्या पैशातून मोठं काम निघालं. यंत्रं पुराच्या पातळीच्या वर चढवायची, केबली नव्याने पुरायच्या, अंगणांत मातीचे उंचवटे करून पाणी अडवायचं. डिझाइन अभ्यास करून केलेलं आहे, मला आवडतंही. पण या खोदाईत इमारतींच्या वयाची शेकडो झाडं गेली.

तो जुलैतला एक शनिवार. मी तापमान मोजायची बंदूक आणि मापाची टेप घेऊन सकाळीच रेड हूकला पोचलो. पहिला तास लोकांच्या तक्रारी ऐकण्यातच गेला, कारण गळ्यात ओळखपत्र आणि हातात यंत्र असलेला माणूस हाऊसिंगच्या ऑफिसचाच असणार, असा तिथे सगळ्यांचा समज. एकाने मला लिफ्टपर्यंत ओढत नेलं.

“मिहो (बाळा), तुला पाठवलंय कोणी?” सहा मजली विटांच्या इमारतीला पाठ लावून बसलेल्या एका पोर्तो रिकन आजींनी विचारलं. घडीची खुर्ची, पायाशी पाण्याची बाटली, मांडीवर छोटा रेडिओ. कोणीच पाठवलं नाही म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “मग फुकट उन्हात कशाला उभा आहेस?”

सावली मोजतोय म्हणालो. त्या हसल्या आणि त्यांनी शेजारच्या खुर्च्यांकडे हात केला. सहा-सात म्हातारे-म्हाताऱ्या, सगळे पश्चिमेच्या भिंतीला चिकटून. थोड्या वेळाने ऊन पुढे सरकलं, तसे काही न बोलता सगळे उठले, खुर्च्या हातभर मागे घेतल्या आणि परत बसले. गप्पाही तुटल्या नाहीत.

मी बंदूक पिशवीत टाकली. तिथल्या एका पोरीकडून खडू घेतला आणि दर अर्ध्या तासाने प्रत्येक खुर्चीच्या चार पायांभोवती खुणा करायला लागलो. वेळ शेजारी लिहायची. पोरांना तो खेळ वाटला. दुपारी एकच्या सुमाराला सूर्य डोक्यावर आला तेव्हा सावली उत्तरेच्या भिंतीपाशी पाच-सहा पावलांची पट्टी एवढीच उरली. खुर्च्या एका रांगेत, गुडघ्याला गुडघा. बोलायचं तर मान वाकडी करून.

जेवणाच्या वेळी आजींनी मला डब्यातला भात-बीन्स दिला आणि उलटतपासणी घेतली. तुझं घर कसं आहे? सांगितलं, की वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड मिळून १९५ इमारती, शंभर वर्षांच्या, म्हाडा त्या पाडून बांधतेय. राहणाऱ्यांना ५०० चौरस फुटांचं घर फुकट. त्यांचा विश्वास बसेना.

“पैसे कोण देतं?”

शेजारी टॉवर उभे करून विकायचे, त्यातून.

“आणि अंगण?”

पोडियम, पार्किंग, लँडस्केप असे शब्द माझ्या तोंडाशी आले. नकाशात हिरवा रंग भरपूर आहे, एवढंच म्हणालो. त्यांनी बीन्सचा चमचा हलवत मान डोलावली. त्यांच्या अंगणातही हिरवा रंग भरपूरच होता.

खरी गोष्ट चारनंतर दिसली. सावली आता पूर्वेला लांब पसरली, दिवसभरातली सगळ्यात मोठी. आणि ती बहुतेक सगळी पडली ती नव्या उंचवट्यावर, जिथे रोपं जगावीत म्हणून कुंपण घातलेलं. मनगटाएवढी रोपं, त्यांची स्वतःची सावली एका माणसाला पुरेल न पुरेल. दिवसाच्या सगळ्यात तापलेल्या वेळी सावली आत, माणसं बाहेर. खुर्च्या कुंपणालगतच्या सिमेंटच्या वाटेवर दाटीवाटीने लागल्या. ढकलगाडीतलं बाळ घेऊन आई आली, की दोघांना उठावं लागायचं. मी वरच्या जिन्याच्या खिडकीतून फोटो काढला. भिंतीला चिकटून इमारतीला वळसा घालत आलेल्या खडूच्या खुणा कुंपणापाशी येऊन थांबल्या होत्या. इतकं स्वच्छ रेखाटन मला संगणकावरच्या सावलीच्या मॉडेलमधून मिळालं नसतं. त्यात सूर्य बरोबर असतो, पण खुर्च्या नसतात.

आजींना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून बघितला, मग माझ्या वहीत जुनी झाडं कुठे होती ते स्वतःच्या हाताने गोल काढून दाखवलं. एका गोलाबद्दल शेजारच्या आजोबांशी कडाक्याचं भांडणही झालं. शेवटी तो गोल फुटपाथच्या अलीकडे सरकला.

“कुंपण सगळं काढा असं लिहू नकोस,” त्या म्हणाल्या, “रोपं पोरं मोडतील. दोन फाटकं आणि आत चार बाक, एवढंच. मंगळवारी रहिवाशांची बैठक आहे. भिंतीवर लावता येईल एवढा मोठा नकाशा आण, एक इंग्रजीत, एक स्पॅनिशमध्ये. कुंपण लाल रंगात.”

खाली श्रेयनामात काय लिहू, मी विचारलं. रेसिडेन्सीचं नाव टाकावं लागतं, हेही सांगितलं.

“टाक ना. पण बारीक अक्षरात. वर आमच्या इमारतीचा नंबर येऊ दे.”