हिवाळ्यातला ह्युमिडॉर: माझा अनुभव

मिनिअ‍ॅपोलिसचा हिवाळा, त्यातलं ओठ फुटणं, दाराच्या मुठीला हात लावला की बसणारा चटका, हे अंगवळणी पडलं. सिगारचे हाल मात्र बघवेनात. मी महिन्यातून एखादी ओढणारा, त्यामुळे ह्युमिडॉरमधला, म्हणजे सिगारींचा ओलावा टिकवणाऱ्या लाकडी पेटीतला माल महिनोन्‌महिने तसाच पडून असतो. नोव्हेंबरात हीटिंग सुरू झालं की हायग्रोमीटरचा, म्हणजे पेटीतली आर्द्रता मोजणाऱ्या मीटरचा, काटा घसरलाच म्हणून समजा. सिगारभोवतीची कागदी पट्टी सैल होऊन बोटानं गरगर फिरायला लागते, म्हणजे पान आकसलं. पुढे वरच्या पानाला उभी चीर जाते. अशी सिगार भराभर जळते, तापते आणि तोंड कडू करते.

याचं कारण हवेत आहे. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम सव्वादोन ग्रॅम वाफ मावते, २१ अंशांच्या हवेत सुमारे १८ ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा घरात येऊन नुसती तापली, की तिची आर्द्रता पंधरा टक्क्यांच्याही खाली. आंघोळी, स्वयंपाक यांनी थोडी भर पडते, इतकंच. पेटीत हवी ६५ ते ७० टक्के, मग ओलावा फटीफटीतून बाहेर पळणारच.

सगळे सांगत होते, पेटीतले ओले स्पंज वाढव, पाणी घाल. पण माठच झिरपत असेल तर भरून काय उपयोग?

आधी हायग्रोमीटर तपासला. बाटलीच्या बुचात मीठ घेतलं, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घातलं, आणि बूच व हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद केले. आत ७५ टक्के यायला हवेत. माझा काटा ७०वर! पेटीसोबत फुकट येणारे काट्याचे मीटर असेच असतात. मी सरळ डिजिटल घेतला.

मग गळती. पेटीत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवला, झाकण लावलं, खोलीत अंधार केला. झाकणाच्या काचेच्या एका कडेला उजेडाची बारीक रेघ दिसली. काचेच्या झाकणाच्या पेट्यांत हे हटकून होतं. बाहेरून मत्स्यालयाचं सिलिकॉन भरलं. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पुरता जाईपर्यंत सिगार हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात. (बायको म्हणाली, "एवढं लक्ष माझ्या पापडांकडे दे कधी.")

पेटी रिकामी होतीच, तर लाकूडही भिजवून घेतलं, पण ओल्या फडक्यानं नव्हे, त्यानं लाकूड वाकतं. आतलं लाकूड स्पॅनिश सीडर, म्हणजे महोगनीच्या कुळातलं, आपल्या तूनचं नातेवाईक. ते कोरडं असेल तर आधी स्वतः पाणी पितं. ८४ टक्के आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवून दोन आठवडे झाकण उघडायचं नाही. नंतर ६५ची. बोवेडाची ही पाकिटं, कंपनीही आमच्याच मिनेसोटा राज्यातली. त्यांत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं, ते कमी पडलं तर ओलावा देतं, जास्त झाला तर शोषतं. साधारण २५ सिगारींना ६० ग्रॅमचं एक म्हणतात; हिवाळ्यात मी दुप्पट ठेवतो. पाकीट कडक, खडीसाखरेगत लागलं की बदलायचं.

सुकलेल्या सिगार मात्र थेट ६५वर नेल्या नाहीत. आतली तंबाखू झपाट्यानं फुगली की वरचं पान उलतं. त्यांना आधी डब्यात ६२च्या पाकिटासोबत ठेवलं, मग ६५. बहुतेक सावरल्या, पण वास थोडा उडालाच.

जागाही बदलली. पेटी आधी बाहेरच्या भिंतीला लागून होती, शेजारीच हीटिंगची जाळी, म्हणजे दिवसभर थंड-गरम चालूच. आता ती आतल्या कपाटात असते. आकडा ६४-६६मध्ये राहतो. जानेवारीत पारा उणे २५ला जातो तेव्हा एक-दोन टक्के उतरतो, तेवढा उतरू देतो.