दोन रिकाम्या बाटल्या

ट्रेक निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना सॅक भरून बोलावतो. पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसच्या दाराला हूकचा काटा टांगलेला आहे. प्रत्येकाची सॅक त्यावर लटकवायची, आकडा वहीत लिहायचा आणि जास्त भरला तर सॅक तिथेच जमिनीवर रिकामी करायची. अकरा वर्षं हे काम करतोय. चढावर दमलेल्या माणसाची सॅक शेवटी लीडरच्याच खांद्यावर येते, त्यामुळे ही संध्याकाळ मला ट्रेकइतकीच महत्त्वाची वाटते.

त्या फेब्रुवारीत रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा बेत होता. नऊ जण, मी आणि माझा सहकारी. एका सत्तावीस वर्षांच्या मुलाची सॅक काट्याला लावली तर 16.4 किलो. सगळं सामान नवं कोरं. नुसती रिकामी सॅकच 2.4 किलोची, कारण ती सत्तर लिटरची होती आणि मोठी सॅक घेतली की माणूस ती भरतोच. तीन माणसांचा तंबू 3.4 किलो. दोन जीन्स, आंघोळीचा जाड टॉवेल, दोन पॉवर बँका, आणि एक लिटरची स्टीलची थर्मास बाटली, जी रिकामी असतानाच 480 ग्रॅम भरत होती.

"दादा, ही बाटली बारा तास पाणी गार ठेवते," तो म्हणाला.

तंबू आधी बाहेर काढला. फेब्रुवारीत पाऊस नाही, पहिला मुक्काम रतनगडाच्या गुहेत, दुसरा कुमशेतला एका घराच्या अंगणात. मग तंबू कुणासाठी वाहायचा? एक जीन्स घरी. दुसरीच्या जागी पातळ ट्रॅक पँट, कारण जीन्स घामाने भिजली की वाळत नाही, आणि वाळत नाही म्हणून रात्री थंडी धरते. त्याला माझी पंचेचाळीस लिटरची सॅक दिली. सव्वा किलो तिथेच वाचला. हलकं म्हणजे महाग, अशी समजूत घेऊन मुलं येतात. पिसांच्या स्लीपिंग बॅगा, परदेशी कापडाचे तंबू यांच्या किमती विचारतात. उंच हिमालयात त्या पिसांना पर्याय नाही, हे खरं. पण पीस भिजलं की त्याची ऊब जाते, आणि सह्याद्रीतल्या दोन रात्रींसाठी साधी सिंथेटिक बॅग आणि फोमची मॅट पुरते. निम्मं वजन तर घरी ठेवून कमी होतं, त्याला पैसे लागत नाहीत.

त्यांच्यात एक काकू होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांची सॅक 6.8 किलो. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं आणि नेहमी सांगतो ती एमा गेटवूड यांची हकिकत सांगितली. अमेरिकेतल्या या बाई 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, ॲपलेशियन ट्रेल ही लांबलचक डोंगरवाट एकट्या चालल्या. सुमारे 3,300 किलोमीटर. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. आपल्याकडे धनगर घोंगडी घेऊन हेच करत आले आहेत. तीच अंथरायची, तीच पांघरायची, पावसात तिचीच खोळ. घोंगडी वजनाने हलकी नाही, पण एका वस्तूत तीन वस्तू निभावतात.

काकूंच्या सॅकमध्ये दोन रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या, दुकानात विकत मिळणाऱ्या पाण्याच्या, एकेका लिटरच्या. मी त्या बाजूला काढल्या.

"काकू, माणशी दोन लिटर सांगितलंय, तेवढ्या बाटल्या तुमच्याकडे आहेत. या कशाला?"

"अरे, रिकाम्या बाटलीला वजन कुठलं?" असं म्हणून त्यांनी त्या परत आत सारल्या. मी काट्यावर लावून पाहिल्या नाहीत. लावल्या असत्या तर दोन्ही मिळून साठ ग्रॅमसुद्धा भरल्या नसत्या.

शनिवारी रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेऊन, शिड्या चढून गड गाठला. नेढ्यात, म्हणजे गडाच्या कातळातल्या आरपार भोकात, बसून सूर्यास्त पाहिला. सगळे खुशीत होते. तो मुलगा तर मला दोनदा म्हणाला, "दादा, पाठीवर काही आहे असं वाटतच नाही."

रविवारी सकाळी टाक्यावर पाणी भरताना मी पुन्हा तेच सांगितलं, माणशी दोन लिटर. खिंडीच्या चढाआधी ओढा लागतो, तिथे भरून घेऊ. डिसेंबरात मी स्वतः त्या ओढ्यात तोंड धुतलं होतं.

गड उतरून रानातल्या फाट्यावर आलो. तिथून एक वाट रतनवाडीला जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. साडेअकराच्या सुमारास ओढ्यावर पोहोचलो आणि मी जागच्या जागी थांबलो. दगड पांढरे पडलेले. डोह होता तिथे वाळकी पानं.

सगळ्यांच्या बाटल्या एका ओळीत ठेवायला लावल्या. अकरा माणसांत जेमतेम चार लिटर. समोर खिंडीचा चढ, पलीकडे कुमशेतपर्यंतची लांब उतरण, आणि डोक्यावर ऊन. परत गडावरच्या टाक्यावर जायचं तर दिवस तिथेच संपणार. त्यात त्या मुलाच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. सकाळपासून हौसेनं भराभर पुढे चालत होता, पाणी मात्र सगळ्यात आधी त्यानंच संपवलं होतं. चेहरा लाल, बोलणं तुटक. मला खरोखर भीती वाटली. ती चूक त्याची नव्हती. दोन लिटर हा आकडा माझा होता. सॅक हलकी करण्याच्या नादात मी पाण्यालाही सामानाच्या यादीत धरलं होतं, आणि डिसेंबरच्या आठवणीवर फेब्रुवारी काढायला निघालो होतो.

काकूंनी सॅक उघडली. दोन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या. सकाळी टाक्यावर त्यांनी त्या भरल्या होत्या आणि मला दिसलंही नव्हतं. एकीत ओआरएसची पुडी घातली, मुलाला सावलीत आडवं केलं आणि घोट घोट पाजायला सुरुवात केली. "एकदम पिऊ नकोस रे. थांब. आता पी."

आमच्या वाटाड्या मामांकडे सामान म्हणजे कोयता, खांद्यावर टॉवेल, भाकरीचं फडकं आणि अर्ध्या लिटरची बाटली. ते ओढ्याच्या वळणावर, जिथे वाळू जरा काळपट दिसत होती, तिथे उकिडवे बसले.

"झिरा उकरतो. पानी हाय खाली."

कोयत्याने आणि हातांनी त्यांनी हातभर खड्डा केला. आधी ओल आली, मग तळाशी गढूळ पाणी जमू लागलं. पहिलं पाणी उपसून फेकलं, दुसरंही फेकलं. तिसऱ्या वेळी निवळ आलं. काकूंचा पातळ सुती पंचा बाटलीच्या तोंडावर धरायचा, मगने ओतायचं, क्लोरीनचे थेंब टाकायचे, आणि पुन्हा खड्डा भरेपर्यंत थांबायचं. सुती कपडे आणू नका असं मी प्रत्येक ट्रेकला सांगतो. पंचा त्यातून मी तेव्हापासून वगळला आहे. गाळायला, डोक्याला गुंडाळायला, ओला करून मानेवर ठेवायला त्याच्याइतकं हलकं दुसरं काही नाही.

तासाभरात सहा लिटर जमले. मुलाचा चेहरा उतरला होता, पण बोलणं नीट झालं. त्याची सॅक मी आणि सहकाऱ्याने आलटून पालटून घेतली. ऊन कलायची वाट पाहून चढायला लागलो आणि खिंडीत कात्राबाई देवीपुढे सगळे बराच वेळ काही न बोलता बसून राहिले. कुमशेतला पोहोचेतो दिवेलागण झाली होती. विहिरीवर एका ताईंनी हंडा समोर ठेवला आणि आम्ही तो रिकामा केला.

रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं की पाण्याचा हिशोब माझा चुकला. मामांना विचारलं असतं तर त्यांनी शनिवारीच सांगितलं असतं, ओढा आटलाय. मी विचारलंच नव्हतं. आता ट्रेकच्या दोन दिवस आधी वाटाड्याला फोन करून प्रत्येक पाण्याची जागा विचारतो आणि मगच काटा टांगतो.

सोमवारी सकाळी कुमशेतच्या दुकानातून त्या मुलाने रिकाम्या बाटल्या मागून आणल्या, सगळ्यांसाठी. विहिरीवर रांग लागली. पाचनईकडे निघताना प्रत्येकाच्या पाठीवर साडेतीन लिटर पाणी होतं. सॅक निघण्याआधीच्या काट्यापेक्षा जड झाल्या होत्या. काकूंनी पट्टे आवळले आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या.