सिन्स, फॉर आणि आपला 'पासून'

मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात दिवसभर बसा, 'आय एम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य एकदा तरी कानावर पडणारच. मराठी, गुजराती, हिंदी, कोणीही बोलो, समोरच्याला लगेच कळतं, कोणाचं काही अडत नाही. पण तेच क्लायंटच्या मेलमध्ये किंवा सीव्हीत लिहिलं की खटकतं. मला विचाराल तर ह्यात आपल्या इंग्लिशचा दोष कमी, 'पासून'चा जास्त.

कारण 'सोमवारपासून' पण चालतं आणि 'पाच वर्षांपासून' पण चालतं. इंग्लिशमध्ये मात्र वाटणी झालीय. सिन्सला सुरुवात कधी झाली ते लागतं, म्हणजे मंडे, मॉर्निंग, चाइल्डहूड वगैरे, आणि फॉरला किती वेळ झाला ते लागतं. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 ला, म्हणून मुंबईत ट्रेन 'सिन्स 1853' आहे, आणि तीच 'फॉर मोअर दॅन 170 इयर्स' पण आहे.

ओळखायची सोपी युक्ती मराठीतच आहे. 'पासून' काढून बघायचं. 'दोन तास थांबलोय' बरोबर वाटतं ना, मग फॉर. 'सोमवार थांबलोय' असं कोणी म्हणतं का? नाही, म्हणजे सिन्स. 'गेली पाच वर्षं' म्हणतो ना आपण, ते थेट 'फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स', तिथे सिन्स घुसवायचा नाही. गंमत 'लास्ट वीक'ची आहे. 'सिन्स लास्ट वीक' पण बरोबर आणि 'फॉर द लास्ट वीक' पण बरोबर, पहिलं म्हणजे गेल्या आठवड्यापासून, दुसरं म्हणजे गेले सात दिवस, सगळा फरक त्या एवढ्याशा 'द'ने पडतो.

आणि टेन्स! आपण 'राहतोय' म्हणतो म्हणून तिकडेही 'आय एम स्टेइंग' टाकतो, पण ह्या अर्थाने सिन्स असला की बहुतेक वेळा 'हॅव बीन स्टेइंग'च लागतं. फॉर तसा सगळ्यांशी जमवून घेतो. 'आय लिव्ड इन परळ फॉर टेन इयर्स' म्हणजे आता परळ सुटलं, 'आय हॅव लिव्ड' म्हणजे अजून तिथेच, आणि 'आय विल स्टे फॉर टू डेज' म्हटलं की पुढचंही झालं. सिन्सला असं पुढचं जमत नाही, त्याची दोरी मागे कुठेतरी बांधलेली असते.

व्याकरणात मात्र सिन्स जास्त हरहुन्नरी. नामाआधी आला तर प्रीपोझिशन, 'सिन्स आय लेफ्ट कॉलेज' असं अख्खं वाक्य जोडलं तर कंजंक्शन, आणि 'आय हॅवन्ट सीन हिम सिन्स' असा एकटाच शेवटी बसला तर अ‍ॅडव्हर्ब. वेळेच्या अर्थाने फॉरला ह्यातलं फक्त पहिलं जमतं. फॉर 'कारण' म्हणूनही वाक्य जोडतो, पण ते जुन्या पुस्तकी इंग्लिशमध्ये, आज बोलताना कोणी वापरत नाही.

'कारण' हा अर्थ सिन्सलाही आहे आणि तो रोजच्या वापरातला आहे, तिथेच घोळ होतो. 'सिन्स यू लेफ्ट द ग्रुप, नोबडी हॅज पोस्टेड एनीथिंग' म्हणजे तू गेल्यापासून की तू गेलीस म्हणून? आपल्याकडे दोन्ही वेगळे आहेत, इंग्लिश वाचणाऱ्याला मात्र अंदाज बांधावा लागतो. कारणच सांगायचं असेल तर मी सरळ बिकॉज लिहिते.