राणीच्या बागेतले ऋतू

मुंबईत उकाडा आणि पाऊस एवढे दोनच ऋतू, असं म्हणणारा माणूस बहुधा राणीच्या बागेत जाऊन फक्त पेंग्विन बघून आलेला असतो. तिकीट काढायचं, पोराचा हात धरायचा आणि सुटायचं. वाटेत डोक्यावर काय लगडलंय ते बघायला फुरसत कोणाला? १८६२ साली ही बाग लोकांना खुली झाली ती मुळात झाडांसाठी. प्राणी नंतर आले आणि सगळा भाव खाऊन गेले.

थंडीत इथे पालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं. कुंड्यांतल्या पिटुनियासमोर सेल्फीची झुंबड. मी त्या गर्दीतून वाट काढत उर्वशीकडे जातो. हे मूळचं ब्रह्मदेशातलं झाड. त्याचे तांबडे फुलोरे लांब देठांवरून खाली लोंबतात. एखादं फूल तळव्यावर धरलं तर पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका दिसतो, नीट बोटानं लावल्यासारखा. आणि कोवळी पानं! तांबूस, मऊ, धुऊन पिळून वाळत घातलेल्या रुमालांसारखी लुळी. नव्या माणसाला वाटतं, झाड सुकलं. थोड्या दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ उभी राहतात.

मार्च उजाडला की सीतेचा अशोक केशरी होतो. मग सोनमोहर पिवळा सडा घालतो, ताम्हण जांभळा होतो. कैलासपतीची तऱ्हाच वेगळी. फुलं फांदीला नाहीत, थेट खोडाला. आतला केसरांचा झुबका नागाच्या फण्यासारखा वाकलेला, त्याखाली पिंडीसारखा भाग. म्हणून लोक हात जोडतात. झाड मात्र दक्षिण अमेरिकेचं. फुलाचा वास घ्यावा आणि बाजूला व्हावं, कारण वर तोफगोळ्याएवढी फळं लटकलेली असतात.

खरी बाग बघायची ती पावसात. उन्हाळाभर निष्पर्ण उभी असलेली आफ्रिकेची गोरखचिंच पहिल्या सरींनंतर पालवते. एरवी हत्तीच्या पायासारखं जाडजूड, राखाडी खोड तेवढं दिसायचं. आता वर हाताच्या पंजासारखी पानं. पांढरी फुलं रात्री उमलतात, वटवाघळांसाठी. आपल्या वाट्याला सकाळी खाली पडलेली, कडा तपकिरी झालेली. बाकं ओली, छत्री कुचकामी, भेळवाला गायब. सकाळी चालायला येणारे काका तेवढे भेटतात. कुठलं झाड यंदा उशिरा फुललं, कुठली फांदी पालिकेनं उगाच छाटली, सगळा हिशेब त्यांच्याकडे तयार. या बागेतली झाडं वाचावीत म्हणून मुंबईकर पूर्वी भांडलेही आहेत. त्याबद्दल छेडलं की काकांची फेरी तिथेच थांबते.

या सगळ्या बागेत ऋतू ठाऊक नसलेले रहिवासी एकच, पेंग्विन. त्यांच्या काचेआड बारा महिने तोच गारवा. बिचारे म्हणावं, तर मे महिन्यात दुपारी घामाघूम होऊन ताम्हण बघून झालं की त्यांच्या रांगेत मीही उभा असतो. पोरांपेक्षा जास्त वेळ.